डाव्या बाजूची पायरी

त्या राज्यात चेहरे ध्यानात राहत नसत. नाव राही, आवाज राही, कुणाच्या हातच्या खिरीची चव राही, पण डोळ्यांआड झालं की चेहरा मनातून पुसला जाई. देवाने रचनाच तशी केली होती, आणि तिच्यावर उतारा म्हणून पिंपळ दिला होता. कुणी कुणाकडे जीव लावून पाहिलं की जवळच्या पिंपळाचं एक पान गळे आणि तो चेहरा त्या पानात उतरे. पान कोरडं असेतो काही दिसत नसे. पाण्यावर ठेवलं की चेहरा वर येई.

पण पान ते पानच. त्यावर धूळ बसायची, बुरशी धरायची, कडा कुरतडल्या जायच्या. म्हणून राज्यात पानं उजळणारे असत. प्रत्येकाला काम करायला एक आवार, आवारात एक हौद, आणि हौदाची व्यवस्था पाहायला एक कारभारी. पाणी चढवायचं, दारं उघडायची, भांडी हाताशी द्यायची, हे सारं कारभाऱ्याचं. उजळणाऱ्याने फक्त पानात लक्ष घालायचं.

वेणू नावाची खार अशीच एक उजळणारी. तिची शेपूट म्हणजे जातिवंत कुंचला. आणि तिचा नेम होता: रोज सकाळी एक तरी पान उजळल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही. घरी आजारपण असो, पाहुणे असोत, नेम चुकला नव्हता.

तिच्या आवाराचे कारभारी आबा. आबा म्हणजे कासव. सकाळी आबांना उठवणं हाच एक सोहळा असे. आधी कवचातून कुरकुर ऐकू येई, मग एक पाय बाहेर, मग बऱ्याच वेळाने मान. तोवर वेणूचा दिवा लावून होई, तुळशीला पाणी घालून होई, मनातल्या मनात एक स्तोत्रही म्हणून होई. मग आबा म्हणत, "या. काय उघडू?"

त्या आवारात सारं काही हाताच्या सवयीचं होतं. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात एक दगड होता, तो दाबला की भांडीकुंडी सगळी वर येत. दार बंद करायची कडी उजवीकडे. आणि घासताना एखादा हात जास्त पडला, तर डाव्या बाजूच्या खालच्या पायरीवर पायाच्या करंगळीने हलकेच टकटक करायची. शेवटचा हात पाण्यातून परत येई आणि पान होतं तसं होई. त्या पायरीला वेणूच्या करंगळीएवढा खळगा पडला होता. चुकांचाच तो खळगा, पण तिला त्याची लाज नव्हती. देवाघरच्या उंबऱ्याला नाही का खळगा पडत?

आबांचं एकच दुखणं होतं. काम ऐन रंगात आलेलं असताना ते आवाराच्या मधोमध एक पाय उचलून तसेच थांबत. ना पुढे, ना मागे. हाक मारली तरी ओ नाही. मग वेणू त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणे, "आबा, झोपा पाहू जरा. आणि मग उठा." आबा पाय पोटात घेत, झोपत, उठत, आणि उठल्यावर त्यांना मधलं काही आठवत नसे. त्या मधल्यात वेणूचं कामही वाहून जाई. पहिल्यांदा ती रडली. पुढे शिकली. थोडं काम झालं की पान वर काढून फडक्यावर ठेवायचं, मग पुढचा हात. आबांवर रागवावं असं मात्र तिच्या कधी मनातही आलं नाही.

पलीकडच्या आवारात मंजुळा नावाची साळुंकी होती. तिने केव्हाच आबांचं आवार सोडलं होतं. येताजाता ती कुंपणावर बसायची.

"अगं, अजून उठवतेच आहेस का त्यांना? आमच्याकडे डोळे मिटून उघडेपर्यंत हौद भरतो."

"भरू दे बाई. मला घाई कुठे आहे?"

"घाई नाही, पण तू उजळलेली पानं आमच्या पाण्यात कशी दिसतात, ठाऊक आहे? आजारातून उठल्यासारखी. फिक्की."

हे मात्र वेणूला लागलं. आबांच्या हौदाचं पाणी जुनं, पिंपळाच्या मुळांतून आलेलं, मधासारख्या रंगाचं. त्यात सगळेच चेहरे हळद लावल्यासारखे दिसत. वेणूला वाटे हळद चेहऱ्यावरच आहे, म्हणून ती थोडी थोडी उतरवी. ती हळद पाण्याची होती, हे तिला कधी कळलंच नव्हतं.

त्या सुमारास येसाक्का एक पान घेऊन आली. येसाक्का म्हणजे नदीकाठची टिटवी. तिचं ओरडणं अशुभ मानत, म्हणून तिच्याशी फारसं कुणी बोलत नसे. वाळूवरच्या तिच्या खळग्यातलं पिल्लू, रेवा, अंड्यातून बाहेर आलं त्याच दिवशी नदीला लोंढा आला आणि ते वाहून गेलं. येसाक्काने लेकीकडे पाहिलं ते तेवढंच. पान तेवढं एक गळलं, तेही गाळात पडलं. तेव्हापासून ती दर पुनवेला लेकीच्या नावाने काठावर दिवा ठेवत होती.

"येत्या पुनवेला उद्यापन आहे गं," ती म्हणाली. "कलशापाशी चेहरा ठेवायला हवा."

वेणूने पान दोन्ही हातांत घेतलं. त्या राज्यातली रीत तिला माहीत होती. उद्यापनाची तिथी पुढे ढकलता येत नसे, आणि चेहरा न ठेवता नेमाची सांगता झाली तर त्या जिवाचं नावही राज्यातून पुसलं जाई. पुढे हाक मारायची म्हटली तरी ती कुणाला मारायची, हे आईलाही आठवत नसे.

"ठेवू, येसाक्का. देव आहे ना."

पान हौदावर ठेवलं तर नुसता चिखल. वेणू रोज थोडं थोडं उजळू लागली. आधी चोच आली, मग एका डोळ्याची कड. गालांवर मात्र चिखलाचे ठिपके दाट होते. ते शेवटी घासू, असं तिने ठरवलं.

आणि एके सकाळी आबा उठले, पण त्यांनी "काय उघडू" असं विचारलं नाही. ते म्हणाले, "पोरी, बस."

वेणू बसली.

"वरून निरोप आलाय. आपल्या आवाराची डागडुजी यापुढे कुणी करणार नाही. कुंपणाला भोकं पडलीत. आज ना उद्या वाळवी शिरेल, आणि वाळवीला हे पान काय नि ते पान काय. तू सगळी टोपली उचल आणि मंजुळा आहे तिकडे जा."

"आणि तुम्ही?"

"मी पाय पोटात घेईन. त्याची मला सवय आहे."

"आबा, येसाक्काचं पान अर्धं राहिलंय. तेवढं तरी..."

"म्हणून तर जा म्हणतो. अर्ध्यात एक पाय उचलून थांबलो, तर मग काय करशील?"

वेणूने हौदाला हळदकुंकू वाहिलं. डावीकडच्या पायरीवरून हात फिरवला. टोपली काखोटीला मारून दारात पोचल्यावर वळून पाहिलं, तर आबा आवाराच्या मधोमध उभे होते. निरोपाला येत होते की नेहमीसारखे थांबले होते, तिला कळेना. परत जाऊन पाठीवर हात ठेवावा असं वाटलं. पण मग निघणं झालं नसतं. वरचा पिंपळ सळसळला, आणि ती निघाली.

नव्या आवाराच्या दारावर टोपली तपासली गेली. पानं आत गेली, शेपूट आत गेली, पण तिची दोन जुनी भांडी बाहेरच ठेवावी लागली. इथल्या चुलीवर ती बसत नव्हती म्हणे.

आत सगळं पांढरं आणि शांत होतं. कारभारी एक बगळा होता. एका पायावर उभा, कधी न दमलेला, कधी न कुरकुरलेला. तो कारणाशिवाय बोलत नसे. विचारलं तेवढ्याचंच उत्तर देई, तेही वाकून. हौद डोळे मिटून उघडेपर्यंत भरला, मंजुळा म्हणाली होती अगदी तसाच. वेणूचं स्तोत्र पहिल्या ओळीतच अडकलं.

तिने डाव्या कोपऱ्यातला दगड दाबायला हात नेला, तर तिथे दगडच नव्हता. कडी लावायला उजवीकडे वळली, तर कडी डावीकडे. पान खाली सरकवावं म्हणून पाणी नेहमीसारखं वर लोटलं, तर पानच वर निघून गेलं.

मंजुळा हसून लोळायची बाकी राहिली. "अगं, तिकडे पाणी लोटायचं. इकडे पानालाच लोटायचं. जिकडे ढकलशील तिकडे जातं. सोपं नाही का?"

"सोपं आहे गं. पण माझ्या हाताला कोण सांगणार?"

"आणि चुकलेला हात परत घ्यायचा तो उजव्या वरच्या पायरीवर, अंगठ्याने. लक्षात ठेव. डावीकडच्या पायरीला हात, पाय, शेपूट, काही लावू नकोस. ती मोरीची पायरी आहे."

वेणूने मान हलवली. रात्री निजताना उजवी, वरची, अंगठा असं जपासारखं म्हणत राहिली. सकाळी उठली की करंगळी डावीकडेच वळवळायची. नेम चालू होता, पण जे पान आधी दिवा विझायच्या आत होई, त्याला आता ऊन डोक्यावर येई. घसा कोरडा पडे. मंजुळा म्हणे, "घे गं घोटभर, देव काही खिडकीतून बघत नाही." वेणू म्हणे, "देव नसेल बघत, मी बघते ना."

तिला आबांचं कुरकुरणंही आता गोड वाटू लागलं होतं. इथे सगळं लगेच होई, आणि लगेच झाल्यावर पुढे काय करावं ते तिला सुचत नसे.

पुनव उद्यावर आली. येसाक्काचं पान वेणूने नव्या पाण्यावर ठेवलं आणि ती दचकली. मधाचा रंग कुठेच नव्हता. चोच, चोचीवरची बारीक रेघ, डोळ्याची कड, सगळं उघड, सकाळच्या उन्हासारखं. फक्त गालांवर ते ठिपके. आता तेवढे घासले की झालं.

तिने शेपूट भिजवली आणि पहिल्या ठिपक्यावर फिरवली. ठिपका फिका झाला. पण चिखल निघताना खाली कातडी चमकते, तशी चमकली नाही. उलट चेहराच जरासा उदास झाल्यासारखा वाटला. हात जास्त पडला की काय? मनात तेवढं आलं न आलं, तोच करंगळीने आपलं काम केलं. डावीकडची, खालची पायरी. टकटक.

मोरी उघडली. पाणी गरगरलं, पान त्यात गिरकी घेऊ लागलं. वेणूने झेप घातली, पण शेपटीच्या टोकाला नुसता ओलावा लागला. पान गेलं. मग दारं एकामागून एक अदबीने मिटली, आणि हौद कोरडा, पांढरा, स्वच्छ उरला.

मंजुळाची चोच उघडी ती उघडीच. "वेणू, अगं काय केलंस हे!"

नेमकी तेव्हाच येसाक्का आली. पंखाखाली वाती होत्या, कलशाला बांधायचं सूत होतं. तोंडावर कितीतरी वर्षांनी हसू होतं.

"झालं का गं? मी म्हटलं, एकदा बघून घ्यावं. उद्या एकदम पाहिलं तर माझा आवाज फुटायचा नाही."

वेणू कोरड्या हौदाकडे बघत राहिली. येसाक्काने तिच्या नजरेमागे नजर नेली. तिचं हसू हळूहळू विझलं.

"येसाक्का, बसा तुम्ही आधी," मंजुळा म्हणाली. तिच्या आवाजात एवढी माया कुणी कधी ऐकली नव्हती.

"पान कुठंय?"

"गेलं," वेणू म्हणाली. "माझ्या करंगळीने घालवलं."

येसाक्का ओरडली नाही. टिटवी असून ओरडली नाही. नुसत्या वाती खाली ठेवल्या आणि म्हणाली, "उद्या तिचं नाव मला आठवणार नाही. आज म्हणून घेते." आणि ती हळूहळू म्हणू लागली, रेवा, रेवा, रेवा.

ते वेणूच्याने ऐकवेना. ती उठली, एका पायावर उभ्या असलेल्या बगळ्यापुढे गेली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने कारभाऱ्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, "कारभारी, माझं पान गेलं. आता काय करू?"

बगळा वाकला. "कुठलं पान हवं?"

"कुठलं म्हणजे?"

"मघाचं की सकाळचं? आमच्या हौदाला तळ नाही, थर आहेत. पाण्यावर ठेवलेलं प्रत्येक पान थरांत राहतं. आपल्या प्रत्येक हातानंतरचं."

मंजुळा उसळली. "मग इतका वेळ बोलला का नाहीत?"

"आपण विचारलं नाहीत."

वेणूला हसावं की रडावं कळेना. "सकाळचं," ती म्हणाली. "हात लावण्याआधीचं."

पाणी चढलं, आणि पान खालून तरंगत वर आलं. चोच, चोचीवरची रेघ, डोळ्याची कड आणि सगळेच्या सगळे ठिपके. वेणूने देवाला हात जोडले आणि घाईने शेपूट भिजवली. "येसाक्का, आता बघा, हे चिखलाचे डाग एवढ्यात काढते, अंगठ्याची शप्पथ..."

"थांब!" येसाक्का अशी ओरडली की अवघं आवार दणाणलं. ती हौदावर वाकली होती. "हा चिखल नाही. पुसू नकोस. वाळूत बसली की घारीला दिसू नये, म्हणून आमच्या पिलांच्या अंगावर देव वाळू शिंपतो. हे तिचे ठिपके आहेत. ही माझी रेवा आहे, अशीच होती."

वेणू शेपूट हवेत धरून उभी राहिली. आबांच्या मधाळ पाण्यात चिखल आणि ठिपके एकाच रंगाचे होते. तिथे काम पुरं झालं असतं, तर तिने किती मन लावून घासलं असतं. हे तिच्या मनात आलं आणि तिने शेपूट पाण्यापासून दूर घेतली. आबांचा राग मात्र आला नाही. जुन्या पाण्याला तरी कुठे ठाऊक होतं?

"फक्त दुसऱ्या डोळ्यावरचा गाळ निघाला की झालं," येसाक्का म्हणाली. "तिने मला दोन्ही डोळ्यांनी पाहिलं होतं."

वेणू कामाला लागली. प्रत्येक हाताआधी ती येसाक्काकडे बघे, येसाक्का मान हलवी, मगच शेपूट टेके. ऊन कलेपर्यंत दुसरा डोळा उघडला.

पुनवेला नदीकाठी कलश मांडला गेला. ताम्हणात पाणी, पाण्यावर पान, आणि पानात वाळू शिंपडलेलं ते एवढंसं तोंड. येसाक्काने दिवा लावला आणि लेकीला हाक मारली. लांबच्या लांब, टिटवीची हाक. त्या दिवशी काठावर कुणी कान झाकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वेणू आवारात आली, तर बगळा तिच्या पायांकडे पाहत होता. "आपली करंगळी अजून डावीकडे जाते."

"जाते खरी," वेणू ओशाळली.

"मोरी दुसरीकडे नेऊ? मग डाव्या पायरीवर हात परत येईल."

"असं बदलता येतं?"

"आपण विचारलं नाहीत."

मंजुळा कुंपणावरून पडता पडता राहिली. "म्हणजे? इतकी वर्षं मी त्या उजव्या पायरीवर अंगठा तिंबतेय, मला नाही कुणी सांगितलं ते!"

बगळा तिच्याकडे वळून तितक्याच अदबीने वाकला. तो काय म्हणणार ते मंजुळाला कळलं. "राहू दे, राहू दे," असं पुटपुटत ती उडून गेली.

वेणूने हो म्हटलं, बगळ्याने मोरी हलवली. मग त्या दिवशीचं नेमाचं पान काढायला तिने टोपलीत हात घातला, तर तळाशी एक अनोळखी पान लागलं. कुणी उजळायला दिलेलं नव्हतं ते. देठ अजून हिरवा होता. तिने ते पाण्यावर ठेवलं. सगळं पिवळं, मधासारखं पिवळं. रंग पानात मुरलेला.

मंजुळा परत आली होती. "बाई गं, किती पिवळं हे! तुरटी फिरव त्यावर."

वेणूने सवयीने तुरटी फिरवली. पिवळेपणा उतरला आणि खालून एक कासव वर आलं. करडं, स्वच्छ, कुठल्याही तळ्याकाठी दिसतं तसं एखादं कासव. कोण बरं हे, असं वेणूला क्षणभर वाटलं.

मग तिची करंगळी आपोआप डावीकडच्या पायरीवर गेली. टकटक.

मधाचा रंग पाण्यातून परत आला, आणि त्या रंगात आबा उभे होते. आवाराच्या मधोमध, दाराकडे मान करून, एक पाय हवेत उचललेला. वेणूने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण झोपा म्हणाली नाही. ते पान तसंच, न उजळता, तिने फडक्यावर काढून ठेवलं, नेमाचं पान म्हणून तेच धरलं आणि त्या दिवशीचा पहिला घोट घेतला.